अडीचशे फॉन्टेन

२२ ऑक्टोबर १९९०, सोमवार

नाताळच्या बोनसचा प्रस्ताव आला. एका आठवड्याचा पगार रोख, किंवा त्याऐवजी कार्डांचे दोन सीलबंद खोके. व्यवस्थापक प्रुइट म्हणाला, "बाजारभावाने खोके दुपटीचे होतात, मिस्टर याकूबिक. कंपनी यंदा उदार झाली आहे." हा माणूस हसला की मी आपोआप खिसा चाचपतो.

निर्णय युनियनचा, आणि युनियनचा अध्यक्ष मी. मतदान १६ नोव्हेंबरला, युनियनच्या हॉलमध्ये.

बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची ही कार्डं, जी पोरं आणि आता मोठेही जमवतात, आम्हीच छापतो. सहा यंत्रं, तीन पाळ्या, रविवारसुद्धा. आणि माझ्याच लोकांना, ज्यांच्या नखांतली शाई चर्चमध्येही निघत नाही त्यांना, बोनस म्हणून तीच कार्डं हवी आहेत!

२४ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत स्टॉशशी वाद. बावीस वर्षं आम्ही दोघं एकाच यंत्रावर आहोत, त्यामुळे वादाचीही पाळी ठरलेली आहे. आधी मी, मग तो, मग भोंगा.

त्याच्या तळघरात पूर्वी कोळसा असायचा तिथे आता चाळीस खोके आहेत. दुकानातून, पूर्ण किमतीला घेतलेले. सगळी भिस्त कर्टिस फॉन्टेन या नव्या खेळाडूच्या कार्डावर. पोराचं हे पहिलंच वर्ष, म्हणून हे त्याचं 'रुकी' कार्ड. कार्डांचे भाव छापणाऱ्या मासिकात बारा डॉलर. स्टॉशला पासष्टऐवजी साठाव्या वर्षी घरी बसायचं आहे, फॉन्टेनच्या जिवावर.

मी म्हणालो, "स्टॉश, तो तावावर तिसऱ्या ओळीत आहे. शेजारी ग्रिम्स, ज्याचं नाव त्याच्या सासूलाही आठवत नसेल. एका तावावर एक फॉन्टेन, एक ग्रिम्स. जितके हे तितकेच ते. मग ग्रिम्स दोन सेंटला आणि हा बारा डॉलरला कसा?"

"ग्रिम्सला बॅट धरता येत नाही म्हणून."

"मार्चपासून आपल्या एकट्या यंत्रावरून फॉन्टेन अकरा लाख वेळा गेला. छपाई मोजणारा काउंटर तुझ्या नाकासमोर आहे."

"पोरं हरवतात रे. आया फेकून देतात. उरतात ती जपलेली."

"सगळा देश जपतोय, स्टॉश."

मग हॉलंडमध्ये एकेकाळी ट्यूलिपचे कंद घराच्या भावाने विकले गेले आणि बघता बघता मातीमोल झाले, ती हकीकत सांगितली. त्यावर तो सँडविच चघळत म्हणाला, "कंद कुजतात, ब्रोज. कार्ड कुजत नाही."

भोंगा.

२७ ऑक्टोबर

या वर्षीच्या संचाची तिसरी फेरछपाई. कागदाचे चौदा ट्रक कारखान्याच्या आवारात.

३० ऑक्टोबर

लोरेटाने मतदानाचा अंदाज काढला. ती युनियनची चिटणीस, तिचे अंदाज चुकत नाहीत. तीनातले दोघे खोक्यांच्या बाजूने.

नऊ वर्षं मी या हॉलमध्ये बोलतो आहे. संपाच्या वेळी बर्फात उभं राहून दीड तास बोललो, एकही माणूस हलला नव्हता. एवढ्या वर्षांत सांगितलं ते एकच: आपण काय बनवतो आणि त्याची किंमत काय, हे कामगाराला मालकाआधी कळलं पाहिजे. आणि इथे आकडा सगळ्यांना पाठ आहे, तरी किंमत मासिकात बघतात.

आकड्याने काम होणार नाही. हातात द्यायला हवं.

२ नोव्हेंबर

कटिंग मशीनवर पाचशे तावांचा गठ्ठा जातो. एका घावात फॉन्टेनची अख्खी वीट खाली पडते. पाचशे फॉन्टेन, एकावर एक, गरम.

अर्धी वीट कोटात घातली. फाटकातून बाहेर आणली.

एकही कार्ड बाहेर न्यायचं नाही, या नियमाखाली माझी स्वतःची सही आहे. याला चोरी म्हणतात. मीही तेच म्हणतो.

४ नोव्हेंबर, रविवार

हॉल दुपारी दोनला भरला. दारात उभा राहून येईल त्याच्या हातात एकेक फॉन्टेन ठेवला. अडीचशे माणसं, अडीचशे कार्डं.

"अध्यक्षमहाराज, आज मिठाई वाटताय?" आणि असलंच काहीबाही.

मग बोललो. चांगलं बोललो, हे लिहायला हरकत नाही. म्हणालो, "हातातल्या कार्डाकडे बघा. आता शेजाऱ्याच्या हातात बघा. त्याच्या पलीकडच्याच्या हातात बघा. जगात दुर्मिळ म्हणतात ती ही वस्तू या खोलीत प्रत्येकाकडे आहे, आणि ही फक्त अर्धी वीट आहे. कंपनी तुम्हाला पगार देत नाही. तुम्हीच छापलेला कागद ती तुम्हालाच देते, आणि वर तुमच्याकडून आभार मागते. ज्याला पटलं असेल त्याने ते फाडावं. आत्ता, इथे."

कोणी फाडलं नाही.

मी स्वतःचं फाडणार होतो. पण वाटून झाल्यावर माझ्याकडे एकही उरलं नव्हतं.

टाळ्या भरपूर पडल्या. लोक गेल्यावर लोरेटाने आणि मी खुर्च्या आवरल्या, झाडू मारला. सिगारेटची थोटकं, कॉफीचे पेले, एक हातमोजा. फॉन्टेन एकही नाही. लोरेटा म्हणाली, "वॉल्टने पाकिटातून बायकोचा फोटो काढला आणि तिथे ते ठेवलं. मी बघितलं."

७ नोव्हेंबर

कंपनीचं पत्र. अडीचशे कार्डांची चोरी, भावांच्या मासिकाप्रमाणे मूल्य तीन हजार डॉलर. नोकरीवरून काढणार आणि पोलिसांत देणार. मात्र १६ तारखेपर्यंत अडीचशेच्या अडीचशे सुस्थितीत परत आली तर ताकीद देऊन प्रकरण मिटवतील. एकही कमी चालणार नाही.

मी लोरेटाला म्हणालो, "जाऊ दे कोर्टात. किंमत सिद्ध करायची तर किती छापली ते त्यांना शपथेवर सांगावं लागेल. म्हणून तर मिटवायला निघालेत."

"आणि तू सत्तावन्नाव्या वर्षी कुठे काम शोधणार? कोर्टातच?"

"मी कुणापुढे हात पसरणार नाही."

"तू नको पसरूस," ती म्हणाली आणि कपाटावरचा बुटांचा डबा रिकामा केला.

१० नोव्हेंबर

डब्यात चौदा.

बायकोने, व्हर्नाने विचारलं, नोकरी गेली तर घर विकायचं का. मी म्हणालो, विकायचं. ती बटाटे सोलत राहिली. सदतीस वर्षांत माझ्या एकाही भाषणावर तिने मत दिलेलं नाही. आज म्हणाली, "वाटायच्या आधी मोजून घ्यायचे असतात, ब्रोज. कार्डं नव्हे, लोक."

१३ नोव्हेंबर

सत्तर. लोरेटा घरोघर फिरते आहे. एकाने कार्ड दुकानात विकून टाकलं, चार डॉलरला. एकाच्या मुलीने त्यावर मिशा काढल्या. एक म्हणतो, "प्रेसिडेंटनेच दिलंय, भेट परत घेतात का?" वॉल्टच्या पाकिटात अजून आहे.

कडवटपणा नाही. मीच शिकवलं यांना, मालकाने मागितलं म्हणून काही परत करायचं नाही.

१४ नोव्हेंबर

यंत्रावर, शाई भरताना, स्टॉशला विचारलं. "तुझं दिलंस?"

"नाही."

"का?"

"बावीस वर्षांत तुझ्याकडून मला दोनच गोष्टी मिळाल्या. सर्दी आणि उपदेश. पहिल्यांदा काहीतरी किमतीचं मिळालंय."

"माझी नोकरी जाईल, स्टॉश."

"कार्डाला किंमत नाही म्हणतोस ना? मग तीन हजारांची चोरी कसली? हेच म्हण की कोर्टात." त्याने झाकण आपटलं. "तुझी पंचाईत काय आहे सांगू? तुला जिंकायचं तर मी मूर्ख ठरायला पाहिजे."

उरलेली पाळी आम्ही खुणांनी काम केलं. तरी एक ताव वाया गेला नाही.

१५ नोव्हेंबर

लोरेटा आकडा सांगत नाही. डब्याला दोरी बांधली आहे.

उद्याचं भाषण लिहिलं, दोन पानं. फाडलं. पुन्हा लिहिलं.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रुइट पावतीपुस्तक घेऊन हॉलमध्ये आला. लोरेटाने सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायला घेतलं. अडीचशेवर त्याने पावती फाडून दिली आणि पेन खिशात ठेवलं. डबा रिकामा झाला नव्हता. ती मोजत राहिली. तीनशेला मागे कोणीतरी हसलं, साडेतीनशेला कोणीच हसत नव्हतं. चारशे अकरा.

लगेच मतदान. मी भाषण केलं नाही. रोख, दोनशे चौतीस. खोके, सतरा.

सतरा हातांत स्टॉशचा हात होता. नंतर लोरेटाने सांगितलं, डब्यातली साठ कार्डं त्याची, तळघरातले खोके फोडून काढलेली.