सुजाता बोट पाहते, बैल पाहत नाही

तेल्हारा, १२ डिसेंबर १९६२

ती. खुशालदादांस,

धाकट्या कौशल्याचा जयभीम. वहिनींची कंबर आता वाकू देते का? आम्ही सारे ठीक, म्हणजे उभे आहोत.

तुम्ही सुजाताची खबर विचारली. तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द निघेना. शाळेत मी बेचाळीस पोरांकडून बाराखडी घोकून घेते, आणि घरी माझीच पोर हाक मारली तर वळत नाही. (कान शाबूत आहेत. शेजारी गुळाचा डबा उघडला तरी धावते.) दारावरून बैलगाडी गेली की मी बोट दाखवते, "तो पाह्य, बैल!" ती माझं बोट पाहते. अगदी मन लावून. बैल निघून जातो, बोट राहतं.

सासूबाईंना कुणी सांगितलं, पोपटाने टोचलेला पेरू चारला की लेकरू बोलतं. चार दिवस मळ्यामळ्यांतून हिंडून त्यांनी तसा पेरू आणला. सुजाताने पाहिलासुद्धा नाही. फेकायचा कसा, म्हणून त्यांनीच खाल्ला. तेव्हापासून त्यांचे टोमणे थांबलेच नाहीत. "मास्तरीन हाय, अन् सोताच्या पोरीले 'आई' शिकवता येत नाही!"

रविवारी मी थकले, दादा. बोट उचलायचंही बळ नव्हतं. सुजाता जमिनीवर पितळी डब्याचं झाकण फिरवत बसली होती. (तासन्‌तास फिरवते.) मी तिच्याशेजारी आडवी झाले आणि काही न विचारता तेच झाकण पाहत राहिले. ते गरगरलं, खणखणलं, पडलं. तिने झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सरळ डोळ्यांत. मी फिरवलं. पुन्हा तसंच. असं वीसेक वेळा झालं असेल. मग मी हात आवरला. तिने माझा हात धरून झाकणावर ठेवला आणि म्हणाली, "गर."

माझं रडणं ऐकून सासूबाई धावत आल्या. "काहून रडून राहिली वं?" मी सांगितलं. "पयला शब्द झाकनाचा? मायचा नाही?" असं म्हणून लुगडं सावरत खाली बसल्या. "सरक तिकडं. मले बी पाहू दे."

तुमची,
कौशल्या

ता. क. अमरावतीच्या मुक्या मुलांच्या शाळेत तिला ठेवायचा जो फॉर्म तुम्ही पाठवला, त्यावर मी शनिवारी सही केली होती. तो या पत्रासोबत नाही. चुलीत घातला. तुम्ही तिथे शब्द टाकला आहे, तर तुम्हीच जाऊन नाही म्हणून या.

ता. क. २. आज बुधवार. त्या "गर"नंतर पुन्हा एकही शब्द नाही. सासूबाई म्हणतात, ढेकर असेल. तरी नाही म्हणूनच या.