मी वर्गात सांगितलेली मनाली

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
मंगळवार

प्रिय मनाली,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहशील. तुझा फोन नंबर मिळाला असता गं, पण तू नुसतं "बोल" म्हणाली असतीस तरी मी इकडचं-तिकडचं बोलून फोन ठेवून दिला असता. म्हणून पत्र, आणि तेही कुरियरने, कारण ते रविवारच्या आत तुला मिळायला हवं.

मी अजून तिथेच आहे, त्याच स्पर्धा परीक्षेत. दोनदा मुलाखतीपर्यंत गेले, दोन्ही वेळा राहिले. सहा वर्षं झाली, भाईंदरच्या एका क्लासमध्ये राज्यशास्त्र शिकवतेय आणि बाकीच्या वेळात स्वतःचा अभ्यास करतेय. दर शनिवारी माझं जिद्दीवरचं व्याख्यान असतं. मुलं दारापर्यंत दाटीवाटीने उभी राहून ऐकतात. क्लासवाल्यांनी त्याचा व्हिडिओही टाकलाय. त्याबद्दल सांगायलाच बसलेय, पण थोडं थांब.

पहिला अर्ज भरताना मी तुला विचारलं होतं, तुला कशाला व्हायचंय अधिकारी? तू म्हणाली होतीस, "म्हणजे घरचे दोन वर्षं लग्नाचा विषय काढणार नाहीत." मला केवढा राग आला होता! माझं कारण मोठं होतं ना. बाबा तीस वर्षं साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेले शिपाई. त्यांच्या मुलीने दाराच्या आत बसायचं होतं. गेल्या दिवाळीत मी त्यांना म्हटलं, बाबा, तुमची इच्छा काही माझ्याकडून पुरी झाली नाही. ते खालच्या मजल्यावरच्या शहाभाईंबरोबर कॅरम जिंकून आले होते. म्हणाले, "कसली इच्छा? मी असं कधी म्हटलं?" मनाली, त्यांना खरंच आठवत नव्हतं. वर म्हणतात, "मी मजेत होतो गं त्या स्टुलावर. येणारीजाणारी माणसं दिसायची." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिले. ज्यांच्यासाठी मी एवढी वर्षं घातली, त्यांनी ते ओझं कधीच उतरवून ठेवलं होतं. मला सांगायचं तेवढं राहून गेलं. आणि मी मात्र ते टाकू शकत नाही. समोर साठ मुलं बसलेली असतात. संपदा मॅडम सोडत नाहीत, हीच तर मॅडमची ओळख.

त्या साठांतली एक कृतिका, खारी गावातली. तिचे वडील, धर्माभाऊ, गेल्या आठवड्यात दुपारी क्लासवर आले. चपला जिन्यातच काढून, हात जोडून उभे. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मुलीला नोकरी लागली होती आणि तिने नेमणुकीचं पत्र फाडून टाकलं होतं. परतीचा रस्ता ठेवू नका, हे माझंच वाक्य. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, "बाय, आमचा ती आयकत न्हाय, तुमचा आयकते. जेवत न्हाय, बोलत न्हाय. तिला येवढाच इचारा, तिला सोताला काय पायजे हाय."

मी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मला लॅबमध्ये आवडायचं. काचपट्टीवर एक थेंब घेतला की आत केवढं काय काय दिसतं. पण मला तुमच्या त्या मैत्रिणीसारखं व्हायचं नाहीये."

ती मैत्रीण तू आहेस, मनाली. नाव मी कधी घेतलं नाही. सुरुवातीला एवढंच सांगितलं होतं की माझ्याहून हुशार एक मुलगी तिसऱ्या प्रयत्नानंतर वह्या माझ्याकडे देऊन अभ्यासिकेतून निघून गेली. वर्ग एकदम चिडीचूप झाला. त्या शांततेची मला चटक लागली. पुढच्या शनिवारी तू पश्चात्ताप करायला लागलीस. त्याच्या पुढच्या शनिवारी रडायला लागलीस. व्हिडिओत तर तू मला फोन करून म्हणतेस की माझं आयुष्य वाया गेलं.

आणि मी तुला पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी सराव प्रश्नपत्रिका छापून आणायला इथल्याच हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत गेले होते, तेव्हा समोरच्या गाळ्यात तू. शिलाई मशीन उघडून बसलेली, कोपरापर्यंत तेल, एका कारागिराला समजावत होतीस, "सुई को क्या देखता है, टायमिंग देख." मशीन चालू झालं तशी तू इतकी हसलीस की मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं. मी दहा मिनिटं उभी होते. हाक नाही मारली. त्या शनिवारी वर्गात तुला पुन्हा रडवलं.

हे सगळं मी काल कृतिकाला सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "मग मॅडम, तुम्ही कशासाठी देताय परीक्षा?" मनाली, दुसऱ्यांना कारणं पुरवते मी, मला एक सापडलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. रविवारी कृतिका तुझ्या गाळ्यावर येतेय. मी पाठवत नाहीये. "मला त्यांना बघायचंय" म्हणाली, म्हणून पत्ता दिला. धर्माभाऊ हॉस्पिटलमध्ये जाऊन विनवून आलेत, तिची जागा सोमवारपर्यंत ठेवतील. तिच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढंच. ती विचारेल, पश्चात्ताप होतो का. खरं असेल ते सांग, माझी लाज राखू नकोस. शनिवारी क्लासवाल्यांना तीच गोष्ट नव्याने आणि लांबवून चित्रित करायची आहे, आणि नाही म्हणेन असं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तू निघालीस त्या दिवशी जिन्यात मी तुला पळपुटी म्हटलं होतं. राग नव्हता गं तो. तू खाली उतरत होतीस आणि तो जिना माझ्यासाठीही उघडा आहे, हे मला दिसलं होतं. मी घाबरले होते.

तुझीच,
संपदा