केशरी लोकर आणि नदीचा तळ

आई, परवा संध्याकाळी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, गळाला वजन म्हणून लावायच्या शिशाच्या कांड्यांसमोर मी इतका वेळ उभी होते की काउंटरवरच्या पोराने दोनदा येऊन विचारलं, मदत हवी का. हवी होती, पण त्याच्याकडून नाही. तुझ्या नातीला यंदा नदीवर जायचं होतं. तू गेलीस तेव्हा ती नुकती रांगत होती, त्यामुळे तिला तू फोटोतलीच माहीत आहेस: फुलाफुलांच्या पंजाबी ड्रेसवर छातीपर्यंतची रबरी विजार चढवून मांडीभर पाण्यात उभी असलेली आजी. "शी लुक्स सो हॅपी," ती म्हणाली, "आपण का नाही जात?" मला पटेल असं एकही कारण सापडलं नाही, म्हणून मी हो म्हटलं.

रॉड तुझाच आहे. तो तू घेतलास तो दिवस मला अजून दिसतो. दुकानदार किमती आणि कंपन्या सांगतोय आणि तू त्याला रॉडचं टोक धरायला लावतेस, डोळे मिटतेस आणि टोकावर नखाने टिचकी मार म्हणतेस. पहिला रॉड नाही, दुसरा नाही. मी लाजून गळांच्या पाकिटांकडे बघत राहते. मग एका रॉडला तू डोळे उघडतेस आणि मला मराठीत सांगतेस, "हा घेऊ. हा बोलतो." दिवसभर तू लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचीस. नस डोळ्यांनी नाही, बोटाने सापडते, असं नवीन आलेल्या मुलींना शिकवायचीस. नदीतही तुझं तेच चालायचं. गळ जरा वरच्या अंगाला फेकायचा, शिसं बुडू द्यायचं, दोरा तर्जनीवर घ्यायचा आणि प्रवाहाबरोबर सगळं वाहू द्यायचं. शिसं तळाच्या दगडांवर टक, टक, टक करत गेलं पाहिजे. जड झालं तर बसतं, हलकं झालं तर माशांच्या डोक्यावरून निघून जातं. अंडी घालायला समुद्रातून नदीत वर आलेल्या सामन माशाला भूक नसते, तो गळामागे धावत येणार नाही. त्याच्या तोंडापुढूनच गळ जायला हवा. टकटक थांबली की समजायचं, दगड आहे किंवा मासा. त्यातलं काय, ते तुझ्या बोटाला लगेच कळायचं. मला मात्र कधी कळलं नाही.

काठावरचे सगळे गळाला सामनचीच अंडी लावायचे, मीठ लावून मुरवलेली. तू नाही. "गाबोळी पाण्यात फेकू? मालवणात कळलं तर मला घरात घेणार नाहीत." आपल्या किचनमध्ये ती गाबोळी कोकमाचं आगळ आणि मसाला लावून, रव्यात घोळवून तळली जायची आणि पुढच्या खेपेला फॉइलमध्ये बांधून तू ती काठावरच्या एका दाढीवाल्या काकांना खायला घालायचीस. महिन्याभरात ते स्वतःहून आपल्या माशांची अंडी तुझ्यासाठी राखून ठेवायला लागले. गळाला तू लोकर बांधायचीस. इथल्या पहिल्या थंडीत माझ्यासाठी विणलेला केशरी स्वेटर मला होईनासा झाला तेव्हा तू तो उसवलास, आणि मग दर सप्टेंबरला त्यातले बोटभर तुकडे कापत राहिलीस. "दातांत अडकते ती," तू म्हणायचीस. "मासा थुंकेपर्यंत आपल्याला जरा वेळ मिळतो."

कॉलेजच्या सुट्टीत एकदा मी तुझ्याबरोबर आले होते. दोनदा गळ तळाला अडकून तुटला, तशी मी धास्तावून दोरा लवकर लवकर गुंडाळायला लागले. तू वळूनही न बघता म्हणालीस, "शिसं वाचवायला आलीस की मासा धरायला?" पुढे असंही म्हणालीस की काहीच हरवत नसेल तर आपण तळापर्यंत पोचलेलोच नाही. हे दुसरं वाक्य तुझंच का, याची आता मला खात्री नाही. इतक्या वर्षांत मी ते मनाने जोडलंही असेल. तुझ्या तोंडी घालायला मला बरं वाटेल अशी वाक्यं हल्ली मला फार सुचतात.

त्या स्वेटरचा एकच तुकडा उरला होता. तू तो लॅबमधल्या कोऱ्या नळीत टोपण लावून ठेवला होतास, तसाच होता. शनिवारी सकाळी नदीवर तो काढला तेव्हा लेक म्हणाली, "धिस इज आजीज? मग हाच लाव ना!" मी बांधला. आणि शिशाची सगळ्यात छोटी कांडी लावली. पाणी कमी आहे, एवढी पुरेल, असं तिला सांगितलं, स्वतःलाही. तासभर आमचा गळ पाण्यातून डौलात वाहत गेला. आमच्या दोन्ही बाजूंना लोक मासे काढत होते. शेवटी लेकीने दोऱ्यावर बोट ठेवून पाहिलं. "आई, लिटरली काहीच लागत नाहीये. आर यू शुअर हे असंच करतात?"

मी तिचं ते बोट पाहिलं. तिला कुणी शिकवलेलं नाही, पण तर्जनी बरोबर तुझ्यासारखी, जराशी वाकवलेली. मी मोठी कांडी लावली. पहिल्याच फेकीला टकटक सुरू झाली, इतकी स्पष्ट की लेक दचकून हसली. दुसऱ्या फेकीला टकटक थांबली आणि रॉड वाकला.

"मासा आहे? आई, मासा आहे का?"

"थांब," मी म्हटलं, "बघू."

तिने माझ्या हाताखाली हात घालून रॉड धरला. प्रवाहाच्या ओढीने दोरा थरथरत होता, आम्ही दोघी पाय रोवून उभ्या होतो, आणि शेजारचे एक आजोबा आपला गळ बाजूला घेऊन आम्हाला जागा करून देत होते. बराच वेळ गेला. मग दोरा तुटला. "ओ नो, ही गॉट अवे!" ती ओरडली. मी म्हटलं, "गेला." आजीच्या लोकरीला केवढा मासा लागला होता, ते ती कालपासून फोनवर सगळ्यांना सांगतेय. दर वेळी तो थोडा मोठा होतो.

आई, तो दगड होता. टकटक थांबली त्याच क्षणी माझ्या बोटाला कळलं होतं. दोरा झटकून तोडायला हवा होता. मला तो इतक्यात तोडायचा नव्हता.