टिलीचं नाव कोणी घेतलं

प्रिय लायल,

फोन केला असता तर तू हसून विषय बदलला असतास. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

काल कॉफी प्यायला डेलोरिसच्या खानावळीत गेले, तर तुझी गोष्ट माझ्या आधीच तिथे येऊन बसली होती. डेलोरिस म्हणाली, "काय गं आर्डिस, तुझ्या बाबांची, एल्मरची कुत्री म्हणे बंदुकीचा बार ऐकताच सुटली? कुत्री शिकवायचा म्हाताऱ्याचा हात गेला गं आता!" मी विचारलं, कोण म्हणतं? "कोण म्हणजे? तुझाच भाऊ. शहराकडे परत जाताना इथेच तर नाश्ता करून गेला." मी टेबलावर अशी मूठ आपटली की शेजारच्या दोघांची कॉफी सांडली. पण बोलले नाही. का नाही बोलले, ते पुढे सांगते.

आधी तुला हा उन्हाळा सांगते, कारण तू तो पाहिला नाहीस. मे महिन्यापासून रोज सकाळी बाबा तळ्याकाठी उलट्या बादलीवर बसायचे, कारण गुडघे आता उभं राहू देत नाहीत. बदकाऐवजी पंख बांधलेली कापडी गुंडाळी पाण्यात फेकायचे, टिलीने ती आणून द्यायची म्हणून. टिली शेजारी बसून नुसती थरथरायची, पण बाबा तिचं नाव घेईपर्यंत पंजा हलवायची नाही. नाव म्हणजे 'नीघ'. दुसरा अर्थच नाही त्याला. म्हणून घरात आम्ही तिला 'पोरी' म्हणायचो. एकदा बटाट्याचा तुकडा देताना माझ्या तोंडून 'टिली' गेलं, तर बाबा खेकसले, "आर्डिस, ते नाव काडतूस आहे. स्वयंपाकघरात उडवायचं नसतं!" एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस चौदा महिन्यांच्या कुत्रीला धीर शिकवत होता, आणि ती शिकत होती. गेल्या दहा वर्षांत या घरात मी याहून सुंदर काही पाहिलेलं नाही.

तुलाही नियम माहीत होता. बदकांच्या शिकारीच्या हंगामात, पहिल्या सकाळी गाडीतून उतरताना त्यांनी तुला बजावलं, "आडोशात तिचं नाव फक्त मी घेणार." तू म्हणालास, "हो हो, बाबा, मी काय लहान आहे का?" एकोणपन्नास वर्षांचा आहेस, लायल!

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं. पाणकणसांच्या आडोशात आपण तिघं, मध्ये टिली. बाबांनी नेहमीसारखी कानातली ऐकण्याची यंत्रं काढून औषधाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली होती. तुझे पहिले चार बार आकाशाला लागले. मग बदकांची जोडी खाली आली आणि तुझ्याकडून नर पडला. बाबा दुसऱ्या पाखरामागे बंदुकीची नळी फिरवत होते, आणि तू आनंदाने ओरडलास, "टिली, बघितलंस? पडला!"

ती निघाली. नळीच्या तोंडासमोरून निघाली. बाबांनी बंदूक वर उडवली, बार आभाळात गेला आणि ते पाठीवर पाण्यात पडले. तिचं डोकं टिपलं जाता जाता वाचलं. तू घाबरलास, ते मी पाहिलं. तिथे मी तुला माफही केलं असतं. पण बाबांनी चिखलातून उठत विचारलं, "सुटली कशी ही?" आणि तू त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, त्यांना वाचता येईल असे ओठ हलवत म्हणालास, "कच्ची आहे, बाबा. बार ऐकला की राहवत नाही तिला."

टिली परतली. जिवंत नर तोंडात, दातांनी एक पीसही विस्कटलेलं नाही. बाबांनी तो घेतला नाही. तिच्या मानेला धरून हलवलं, जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. ती पोटापर्यंतच्या गार पाण्यात पक्षी धरून उभी राहिली. हात पुढे येईल म्हणून वाट पाहत.

मी आयुष्यभर इतिहास वाचला. हरलेल्या सेनापतींनी दोष शिपायांवर ढकलला, बुडालेल्या मालकांनी कामगारांवर. त्या सगळ्यांचा मला संताप येत आला आहे. पण त्यांच्या शिपायांना निदान तोंड होतं. तू दोष अशा जिवावर टाकलास, जो साक्ष देऊ शकत नाही. तिने आज्ञा मोडली नाही, लायल. तिने ती पाळली. आज्ञा पाळल्याची शिक्षा भोगली!

आणि मी? पाणथळी बुजवू देणार नाही म्हणून भर सभेत तासभर गरजणारी मी, परतीचे चाळीस मैल गप्प बसले. वाटलं, आता सांगेल, घरी पोचल्यावर सांगेल, जेवताना सांगेल. तुला आठवतं, तू अकरा वर्षांचा असताना कुरणाचं फाटक उघडं टाकलंस आणि गुरं रस्त्यावर गेली? मी बाबांना सांगितलं, मी टाकलं. तू गोठ्यामागे रडत होतास आणि मला तुझी कीव आली होती. तेव्हा मला मी फार चांगली बहीण वाटले. आज वाटतं, तिथेच मी तुला शिकवलं की थोडा वेळ गप्प राहिलं की दुसरं कोणीतरी त्याची किंमत भरतं.

या वेळी बाबा भरत आहेत. टिलीला शिकवायची शिट्टी त्यांनी खिळ्याला अडकवली आहे. परवा मला विचारलं, "मी तिला बारावर निघायला शिकवलं का गं कधी? मला आठवत नाही." तेव्हापासून रोज विचारतात. आज सकाळी मोटारीच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाले, "ज्याला आपण काय शिकवलं तेच आठवत नाही, त्याने रस्त्यावर कशाला जावं?" त्यांचं डोकं शाबूत आहे, लायल. आपल्या दोघांपेक्षा शाबूत. पण ते तसं मानायला तयार नाहीत, कारण तुझा शब्द त्यांना स्वतःच्या आठवणीपेक्षा खरा वाटतो. शनिवारी दुपारी पलीकडचा ड्वाइट टिलीला न्यायला येणार आहे, त्याच्या अंगणात बांधायला.

मी एका वाक्यात हे थांबवू शकते. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण मी सांगितलं तर त्यांना कुत्री परत मिळेल आणि मुलगा जाईल. तू सांगितलंस तर दोन्ही राहतील. शनिवारी सकाळी ये. त्यांच्या कानात यंत्रं आहेत ना, आधी बघ. मग समोर बसून, ओठ न लपवता, सांग. दुपारपर्यंत आला नाहीस तर मी सांगेन, आणि त्या वेळी कुरणाचं फाटक कोणी उघडं टाकलं होतं तेही सांगेन. टिली तिचं नाव ऐकताच निघाली होती, बंदुकीची नळी समोर असताना. आता मी तुझं नाव घेते.

लायल.

तुझीच,
आर्डिस