परत लावलेला कौल

१४ मे, बुधवार

नाव लागलं! म्हापशाच्या कॉलेजात, बीएस्सीच्या यादीत, अगदी वरच्या नावांत. केमिस्ट्रीच घेणार मी. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी मोबाईल लांब धरून यादी पाहिली, "बरां झालां" म्हणाले. आणि लगेच, "त्या दुसऱ्या डिग्रीची पण चौकशी करूया."

दुसरी डिग्री म्हणजे तीन दिवस कॉलेज, तीन दिवस औषधांचा कारखाना. फी माफ, वर दर महिन्याला हातात काहीतरी. पेडण्याच्या बाजारात टेम्पो लावून उभे असताना बाबांना हे कुणीतरी सांगितलं. खाणीवरचं ट्रक चालवायचं काम सुटल्यापासून बाबांना फुकट मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीचं भारी कौतुक!

हे इथेच लिहू शकते. तोंडावर बोलले असते तर संपलंच.

१७ मे, शनिवार

त्या डिग्रीचं माहिती-सत्र. पार साखळीहून आईबाप पोरांना घेऊन आले होते. टाय लावलेले एक साहेब. "शिका आणि कमवा! पदवीही, अनुभवही!" टाळ्या. एसी इतका की सगळ्या बायका पदर गुंडाळून बसलेल्या.

एकीने विचारलं, "ह्या डिग्रीर सरकारी नोकरी मेळटा?" आमच्याकडे शिक्षण कुठलंही असो, प्रश्न हाच. "मिळते, मिळते," साहेब म्हणाले. दोनदा म्हणाले तिथेच माझा विश्वास उडाला.

मग बाबांनी हात वर केला. मला वाटलं, विचारतील मुलांना शिकवणार काय, कोण शिकवणार. बाबा म्हणाले, "जेवण देतात?"

देतात. बाबा खूश.

१८ मे, रविवार

सुविधाकडे गेले. आमच्या मागच्या घरातली, त्याच कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हटलं खरं काय ते सांग. ती आधी हसली. मग म्हणाली, "गोळ्यांची पाकिटं खोक्यात घालायची. खोक्यावरचा छाप सरळ आहे का बघायचा. झालं."

"आणि प्रयोगशाळा?"

"आहे की. काच आहे तिला. बाहेरून दिसते."

वर्ष उलटलं, अजून आत पाय ठेवलेला नाही बाईने! प्रॅक्टिकलचे मार्क सुपरवायझर देतो. कशावर? वेळेवर येते, उलट बोलत नाही, ह्याच्यावर. कॉलेजच्या तीन दिवसांत शेवटच्या बाकावर झोप काढते. सर पण उठवत नाहीत.

पण खोटं कशाला लिहू? तिच्याकडे स्वतःचं एटीएम कार्ड आहे. परवा आईला वॉशिंग मशीन आणलं. चप्पल घ्यायची तर कुणाला विचारावं लागत नाही. तिच्या वर्गातल्या दोन मुलांना कायम करणार म्हणे. आणि मी? रिक्षाचे सुटे मागायचे तरी आधी बाबांचा मूड बघते. येताना सगळ्या वाटेने ते कार्ड डोळ्यांसमोर. लोभ सुटला मला, सुटलाच!

पण ती काच?

२० मे, मंगळवार

आज कळलं खरं कारण. दोघांना एकदम कॉलेजात घालणं झेपणार नाही. दोघं म्हणजे मी आणि गौरेश. दादा म्हणायचं त्याला, एका वर्षाने मोठा आहे. बारावीला एकदा नापास होऊन आता माझ्याच बरोबर आला. त्याला बीकॉम करायचंय. तीन दिवस कारखाना, तीन दिवस कॉलेज, हे दोघांपैकी एकानेच करायचं.

मी म्हटलं, "मग दादा जाऊ दे."

गौरेश मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "तू हुशार गो. तुला कुठेपण जमेल."

म्हणजे हुशार असण्याची ही शिक्षा! त्याला जमत नाही म्हणून त्याला पूर्ण कॉलेज.

आई चुलीत लाकडं सारत बसलेली.

२३ मे, शुक्रवार

चार दिवस घरात तोच विषय. बाबा स्वतः ठरवणार नाहीत. ठरवलं तर मी तोंड उघडीन हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून आज जेवताना जाहीर केलं, रविवारी सातेरीच्या देवळात कौल लावायचा. देवी सांगेल तो जाईल.

हसू आलं. मग वाटलं, बरंच आहे. निदान देवी तरी बारावीचे मार्क बघेल.

२५ मे, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

आम्ही चौघं गेलो. भटजींनी देवीला पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या लावल्या, दोन्ही बाजूंना. गाऱ्हाणं घातलं: माये, कृष्णनाथाची दोन पोरं, एकाने काम करून शिकायचं आहे. थोरल्याने जायचं तर उजवी पाकळी दे, धाकटीने जायचं तर डावी दे.

मी डोळे मिटलेच नाहीत, बघतच राहिले.

उजवी पडली. टप्पदिशी! विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही देवीने.

गौरेशचं तोंड बघायला हवं होतं. मी हात जोडले. खरंच जोडले, मनापासून.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. "भटजी, गाऱ्हाणं बरोबर पडलं नाही. तो मुलगा आहे, हे देवीला सांगितलंच नाही तुम्ही."

भटजी म्हणाले, "कृष्णनाथ, एकदा दिल्यावर परत विचारू नये."

"लावा तुम्ही. माझ्यावर दोष."

परत पाकळ्या. परत गाऱ्हाणं, ह्या वेळी लांबलचक. तो मुलगा, तो उद्या घर चालवणार, ही लग्न होऊन जाणार. ह्या वेळी देवीला फार वेळ लागला. भटजींचा घाम गळत होता. शेवटी एक पडली. डावी.

"बघ," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "मी नाही सांगितलं. देवीनेच सांगितलं."

प्रसादाचं केळं गौरेशने तिथेच खाल्लं.

२६ मे, सोमवार

देवीवर राग नाही. तिला मुलगा-मुलगी माहीत नव्हतं तेव्हा तिने बरोबर सांगितलं होतं. माणसांनी तिला शहाणी केली.

राग आईवर आहे. उभी होती ना तिथे! उजवी पडलेली तिनेही बघितली. बाबांच्या तोंडासमोर नाही तर नाही, घरी येऊन माझ्याजवळ तरी बोलायचं? भात उपसत राहिली. मी ताट तसंच ठेवून उठले, तर "पेज घालू काय गो?" एवढंच. पेज! माझं सगळं आयुष्य खोक्यात भरलं आणि ही पेज घालतेय!

२८ मे, बुधवार

म्हापशाला जाऊन कॉलेजातलं नाव काढायचं होतं. गेले नाही. पोट दुखतंय सांगितलं.

आई दोन दिवस संध्याकाळी सुविधाकडे जाऊन बसते. बसची वेळ, डबा, काय घालायचं, सगळं विचारत असणार. एवढी हौस मला धाडायची!

३० मे, शुक्रवार

आजपण गेले नाही. बाबा ओरडले. त्या डिग्रीचा फॉर्म त्यांनी भरूनसुद्धा टाकलाय. सोमवारी कामावर हजर, मंगळवारी म्हापशाला जाऊन नाव काढ, असं फर्मान.

१ जून, रविवार

काही नाही.

२ जून, सोमवार

सकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती. मी वेणी घालत होते. आई खोलीतून बाहेर आली, अंगात माझा जुना पंजाबी ड्रेस. जन्मात कधी घातला नव्हता तिने. म्हणाली, "तू बस. मी जातंय." सुविधाने ठेकेदाराकडे तिचं नाव घातलं होतं. तीच खोकी भरायची लाइन, तेच टेबल. शिकाऊ पोरांपेक्षा जास्त देतात म्हणे, आम्हा दोघांची फी निघेल.

बाबा चहाचा कप घेऊन उठलेच. "आणि देवीन सांगलां तां?"

"देवीन पयलां काय सांगलां तां मी बघलंय," आई चपला घालता घालता म्हणाली. "आणि ह्या कामाक डिग्री लागना. मी इचारून इलंय."

बस गेली. मला आनंद झाला. झाला! आईला त्या टेबलापाशी उभी करून मला आनंद झाला.