हणमीची जन्मतारीख

१४ जून ९५, बुध.
शाळा काल उघडली. आज मी नि कॉलेजातला मिलिंद, खाणीवरच्या पोरांचे सात प्रवेशफॉर्म घेऊन गावातल्या शाळेत. हेडमास्तर चौधरी सर (यापुढे चौ. सर, हात दुखतो) माणूस चांगला, पण प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसतात. सहा पोरांचं लगेच जमलं, सगळी पहिलीत. अडलं ते हणमीपाशी. गावाकडे दुसरीपर्यंत शिकलेली, नंतर दोन वर्षं खाणीवरच्या आमच्या वर्गात. धडाधड वाचते, भागाकार करते. पण जुन्या शाळेचा दाखला नाही. दाखला नाही तर नियमाने पहिली. पहिलीत बसवली तर पंधरा दिवसांत पळेल, हे मी लिहून देते. तिथली पोरं हिच्या कमरेला लागतील.
शेवटी चौ. सरच हळू आवाजात म्हणाले, वय जास्त असेल तर मला करता येतं. तेरा वर्षांची मुलगी पहिलीत कशी बसवायची, म्हणून चाचणी घेऊन चौथीत घेतली, असा शेरा मारतो. या लोकांकडे जन्माचा कागद नसतोच, तुम्ही लिहाल ते वय.
बाहेर आल्यावर मिलिंद म्हणाला, जमलं की यार. मलाही तसंच वाटलं. दोघांनी वडापाव खाल्ला.

१५ जून, गुरु.
संध्याकाळी खाणीवर. हणमीची आई दुर्गव्वा वय खाणींवर मोजते. वाघोलीच्या खाणीवर जन्मली, तिथं चार दिवाळ्या. मोशीला एक. मग गावाला आजीकडे दोन. इथं तीन. बोटं मोजली तर दहा. मी म्हटलं, मावशी, कुणी विचारलं तर तेरा सांगा, चौथीत बसवायचीय. बरं म्हणाली. का, कशाला, काही नाही.
सातही फॉर्मवर १ जून टाकला. ही पद्धतच आहे, आमच्या बाबांचा वाढदिवससुद्धा शाळामास्तरांनी दिलेला १ जून. हणमी भीमाप्पा, जन्म १ जून १९८२. उंच आहे, खपून जाईल. अक्षर छान आलंय.
हणमी शेजारी बसून बघत होती. काय लिवलं? म्हटलं, तुझा वाढदिवस. तिला आजवर वाढदिवस नव्हता. सगळ्या झोपड्यांतून सांगत सुटली.

३ जुलै, सोम.
चौथीत शेवटच्या बाकावर. शाळेचा निळा फ्रॉक आखूड होतोय, माझ्या जुन्या पंजाबी ड्रेसचं कापड जोडलं खाली. चौ. सर म्हणाले, वाचन वर्गात हिचंच बरं.
कॉलेजच्या सेवायोजनेचे माझे या महिन्याचे तास: १८. मिलिंदचे ११, पण त्याने वीस लिहिलेत.

२० ऑगस्ट, रवि.
शाळा अकराची. त्याआधी सहा ते दहा हणमी नि तिची धाकटी बहीण यल्ली खडी फोडायच्या क्रशरवर घमेली उचलतात. तिथल्या भाषेत दोन पोरं मिळून ‘एक हात’. ज्या कुटुंबाचे तीन हात कामावर, त्यालाच खोली. बाप, आई आणि पोरींचा मिळून तिसरा. खोली म्हणजे दगडाच्या चार भिंती नि वर पत्रा. वर्गात हणमीच्या पापण्या पांढऱ्या असतात, म्हातारीसारख्या.
दुपारी सुरुंग उडाला की आमच्या सेक्टरमधल्या काचा थरथरतात. आई म्हणते, मेले कधी थांबणार. आमची बिल्डिंग त्याच खडीची आहे हे तिला सांगितलं नाही. ओढणी मात्र दाराबाहेर झटकून आत यावं लागतं.

१० डिसें., रवि.
तीन आठवडे गेले नाही. माझी टर्मची परीक्षा होती, हे खरंय. पण शेवटचा आठवडा नुसता आळस, हेही खरंय. हणमीने तीन आठवड्यांचा सगळा अभ्यास करून ठेवलेली वही पुढे केली. तपासायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच बरोबरच्या खुणा केल्या होत्या, पेन्सिलने, मी खोडून पेनने करीन म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
यल्लीचं बोट क्रशरच्या पट्ट्यात सापडलं. डाव्या हाताची करंगळी, अर्धी. नऊ वर्षांचीसुद्धा नाही. तिथेच ठरवलं. घरी येऊन कामगार ऑफिसला अर्ज लिहिला: क्रशरवर लहान मुलं राबवतात. मिलिंदने सही केली, मी केली.

१३ फेब्रु. ९६, मंगळ.
इन्स्पेक्टर आला! जीपमधून, दोन शिपाई घेऊन. चौदाच्या आतलं एकही पोर दिसलं तर क्रशर बंद करीन, असं शेटला सर्वांसमोर सुनावलं. मुकादमाने तिथल्या तिथे सोळा पोरं हाकलली. मिलिंदने मला टाळी दिली. अर्ज लिहिला तर काम होतं, हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. खूप वेळ नुसतं हसू येत होतं.

२५ फेब्रु., रवि.
हसू जिरलं.
पोरं गेली, तसा पोरांचा हात गेला. हणमीच्या घरचे आता दोनच हात, त्यातला एक बाप, भीमाप्पा. तो चार घाव घालतो नि वाकून खोकत बसतो. छातीत दगडाची पूड बसलीय, असं दुर्गव्वा अगदी सहज सांगते. मुकादमाने जूनपर्यंत खोली ठेवलीय. नंतर तिसरा हात द्या, नाहीतर रिकामी करा.
मी मुकादमाशी भांडले. तो म्हणाला, बाई, नियम मी नाही केला. खरंच त्याने केला नसावा.
हणमी मात्र खूश. सकाळ मोकळी, अभ्यास जास्त.

१ मे, बुध.
झेंडावंदन, मग निकाल. हणमी चौथी पास, वर्गात दुसरी. पहिली आली ती ग्रामसेवकाची मुलगी, घरी शिकवणी आहे तिला. निकालपत्र हणमीने दोन्ही हातांनी धरलं होतं, डाग पडेल म्हणून बोटांच्या टोकांनी. पाचवी याच शाळेत आहे, म्हणजे प्रश्न नाही.
चौ. सर सांगत होते, मुकादम येऊन हिचा जन्मतारखेचा दाखला घेऊन गेला, आईचा अंगठा होता अर्जावर. रेशनकार्डाला लागत असेल.

१ जून, शनि.
कंपासपेटी घेऊन गेले होते. वाढदिवसाची. वाटलं होतं, सातही जणांचा आज वाढदिवस, थोडी गंमत करू.
खोलीत यल्ली एकटी. हणमी कुठंय? क्रशरवर.
पट्ट्याशी उभी होती, बायकांच्या रांगेत, डोक्याला आईचा फाटका पदर गुंडाळून. मी आधी ओळखलंच नाही. मुकादम उठून आला, अगदी आदराने. म्हणाला, “बाई, तुमच्या अर्जामुळं आता कागद बघितल्याबिगर कुणाला घेत नाय. हिचा कागद पक्का हाय. आजच चौदा पूर्ण.” मस्टर उघडून दाखवलं. सगळीकडे अंगठे, निळे. शेवटी एक सही. हणमी भीमाप्पा. ‘ह’ची शेपटी मी शिकवली तशी.
म्हणाला, सही करणारी एकटीच, हुशार पोर.
कंपासपेटी परत आणली. का आणली कळत नाही, देऊन यायला काय झालं होतं.

२ जून, रवि.
दिवसभर एकच हिशेब. सोळा पोरं मी काढली. सोळांतली एक परत बसवली, तीही मीच. ती अकरा वर्षांची आहे.

५ जून, बुध.
चौ. सरांच्या घरी. तारीख दुरुस्त करा म्हटलं. चष्मा पुसून पुसून झिजवला. रजिस्टरमध्ये खाडाखोड म्हणजे चौकशी, आणि त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं. मी म्हटलं, सर, तेरा लिहा तुम्हीच म्हणाला होतात. म्हणाले, “म्हणालो असेन. फॉर्मवर अक्षर कुणाचं आहे?”
मग त्यांनाच वाईट वाटलं. चहा पाजला. मार्ग सांगितला: सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला आणा, आईवडिलांचा अर्ज आणा, आणि तुम्ही लेखी द्या की वय मी खोटं लिहिलं. मग मी वर पाठवतो. त्यांचं नाव त्यात येऊ नये, एवढी विनंती. मी हो म्हटलं.

८ जून, शनि.
मिलिंदला फोन, कोपऱ्यावरच्या पीसीओवरून. त्याला सेवायोजनेचं प्रमाणपत्र मिळालं, तो आता कॉम्प्युटरच्या क्लासला जातो. म्हणाला, तसंही दोन-तीन वर्षांत ती तिथेच जाणार होती, तू उगाच टेन्शन घेतेस. मी फोन ठेवला.
बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, डी.एड.ला अर्ज केलायस, आणि सरकारी कागदावर खोटं लिहिलं असं स्वतःच्या सहीने देणार? मास्तरीण व्हायचंय ना? तोंडी काय ते सांग, लेखी देऊ नको. ते माझ्या भल्याचंच सांगतात. मला भीती वाटते, इथे तरी कबूल करते. खूप वाटते.

१० जून, सोम.
दवाखान्यात चौकशी. खिडकीतल्या सिस्टर समजूतदार निघाल्या. वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात शिल्लक असतील तर डॉक्टर लगेच लिहून देतात, चौदाला बहुतेक सगळे पडलेले असतात. तेही नसतील तर एक्स-रे, त्याला दुसरीकडे पाठवतात, महिना जातो. वयाचे दाखले फक्त मंगळवारी. मुलीला आणि आईला, दोघींना यावं लागेल.

१३ जून, गुरु.
शाळा उघडली. पाचवीच्या वर्गाबाहेर उभी राहिले. हजेरीत हणमीचं नाव अकरावं. बाईंनी दोनदा पुकारलं. चौ. सर म्हणाले, महिनाभर गैरहजर राहिली तर नाव काढावं लागेल.

१६ जून, रवि.
क्रशर रविवारी बंद. दुर्गव्वा बाहेर चूल पेटवत होती, भीमाप्पा भिंतीला टेकून. मी सगळं सांगितलं. मंगळवारी चला, अर्जावर अंगठा द्या, डॉक्टरांना अकरा सांगा.
ती फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
“गेल्या साली तुमी तेरा म्हना म्हनला, आमी तेरा म्हनलो. आता अकरा म्हना म्हनता. एकदा काय ते ठरवा बाई, तेच सांगू.”
मी म्हटलं, मावशी, अकराच खरंय. तुम्हीच दिवाळ्या मोजल्या होत्या.
“मोजल्या की. पर अकरा म्हनलं तर खोली जाती. ह्यास्नी घिऊन कुटं जाऊ?” नवऱ्याकडे हात केला. तो खोकत होता, की ऐकत होता, सांगता येत नाही.
खोलीचं मी बघते, असं तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. याच लोकांना अजून एक खोटं कशाला.
निघाले तर हणमी मागोमाग नाक्यापर्यंत आली. हाताला कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. पाचवीचं भाषेचं पुस्तक आलं का, विचारलं. आलं म्हटलं. धडा पहिला कशाचा, विचारलं. सांगितला. मग विचारलं, दातावरनं कसं कळतं? मी सांगितलं, दुधाचा एखादा असला तर कळतं.
तिने तिथेच, रस्त्यात, माझ्यापुढे आ केला. आत जिभेवर पांढरी पूड. मी वाकून बघितलं. उजव्या बाजूला वरची दाढ, तिने बोट लावलं, हलली. चांगलीच हलत होती, एका कडेने सुटलेली.
“ह्यो दुधाचा हाय का?”
म्हटलं, असेल. बहुतेक.
तिने तोंड मिटलं, जिभेने आतून दाढ चाचपली. मग आईला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू म्हणाली, “मंगळवारपतुर पडू देत न्हाय. ह्या बाजूनं जेवतच न्हाय.”
आई येईल का विचारलं तर मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही. तिलाही माहीत नसावं.
घरी येऊन लेखी कबुली लिहून काढली. ‘मी, खाली सही करणार, असे लिहून देते की’ इथून पुढे पाऊण पान. सही केली. बाबांनी पाहिलं, टीव्हीचा आवाज वाढवला.
मंगळवारी सकाळी आठला नाक्यावर उभी राहणार आहे. कंपासपेटी पिशवीत ठेवलीय.