आर्डिस दारात काय म्हणाली

९ ऑक्टोबर १९६१

पुन्हा तीच कविता! मुलींच्या कॉलेजात आज चांगल्या चार नव्या वाचल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मागून फर्माईश आलीच — आर्डिसची वाचा ना. वाचली. ‘आई, दिवा राहू दे, मी येतेच’ म्हटल्यावर मुली मुसमुसल्या. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मेल्या मनाची झालेय मी!

नंतर एकीनं विचारलं, तुमची मुलगी खरंच असं म्हणाली होती? मी हसून वेळ मारून नेली.

१० ऑक्टोबर

नव्हती म्हणाली. पोलिओच्या इस्पितळाची गाडी आली, तिला उचलून नेताना ती दारात काहीतरी वेगळंच बोलली. साधंच, जरा फुरंगटून. ते ओळीत बसेना, म्हणून मी बदललं. इस्पितळातून ती परत आली नाही. आणि आता खरं काय ते मला आठवत नाही! आठवायला बसलं की माझीच ओळ तिच्या आवाजात ऐकू येते. सहा वर्षांची पोर. तिचं शेवटचं बोलणं आईनंच खाल्लं.

११ ऑक्टोबर

नाही आठवत.

१४ ऑक्टोबर

मर्लला ठाऊक असणार. दारात आम्ही दोघंच होतो. कविता छापून आली तेव्हा केवढा भडकला होता! “ती असं म्हणालीच नव्हती, इर्मा. माझ्या पोरीच्या तोंडी तुझे शब्द कशाला घालतेस?” त्यानंतर आमचा संसार टिकला नाही. आता तो पलीकडच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो, दुसरं लग्न केलंय. माझी बहीण वेल्डा म्हणते, कशाला त्या बिचाऱ्याची खपली काढतेस? काढणार! ते एक वाक्य मला हवंय. त्या कवितेला मिळालेली बक्षिसं घाला चुलीत.

१६ ऑक्टोबर

फोन केला. शनिवारी ये म्हणाला. आवाज थकलाय त्याचा.

२१ ऑक्टोबर

त्याची बायको कॉफी ठेवून आपणहून बाहेर गेली. भली बाई. मी विचारलं. मर्ल बराच वेळ टेबल पुसत राहिला.

“दिवा राहू दे म्हणाली. मी येतेच म्हणाली. अजून कानात आहे माझ्या.” आणि ढसाढसा रडला. वर म्हणतो, तू लिहून ठेवलंस, बरं केलंस.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, “हो, मर्ल. असंच म्हणाली ती.”